सुनेची तपासणी आधी, मुलाची शेवटी

अहिल्यानगर : मूल होत नाही म्हटले की जिल्ह्यात आजही आधी सुनेला दवाखान्यात नेले जाते. वास्तविक सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषाचाही वाटा असतो आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, कमी खर्चाची चाचणी आहे.

शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात. त्यासाठी जस्त, सेलेनियम, फोलेट आवश्यक असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा सहभाग असलेले, लोह व जस्त अधिक असलेले 'धनशक्ती' हे बाजरीचे वाण महाराष्ट्रात आले. पण त्याची चर्चा झाली ती प्रामुख्याने महिला व बालकांच्या रक्तक्षयापुरती. पुरुषाचे ताट कोणी पाहिलेच नाही.

अर्थात, बाजरी हे वंध्यत्वावरील औषध नव्हे. जाहिरातींतील 'शक्तिवर्धक' गोळ्या तर नव्हेतच. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जस्त व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांनी ना शुक्राणूंचा दर्जा सुधारला, ना अपत्यजन्माचे प्रमाण वाढले. शिवाय बाजरीतील फायटेटमुळे जस्ताचे शोषण अडते. आंबविल्याने ते कमी होते. जुन्या घरांतील आंबील त्या दृष्टीने शहाणपणाची होती. तंबाखू आणि वाढते पोट मात्र तसेच ठेवून नुसत्या आहाराकडून फारशी अपेक्षा करता येणार नाही.