देवापुढील कट्यार

खंडेनवमीस पूजावयाची कट्यार खरी की बाजारी, असे विचारणाऱ्यास अश्रद्ध ठरविणारे लोक आम्हांस मान्य नाहीत. जुना गंज खोल व असमान असतो. आम्लाने आणलेला सहसा सर्वत्र सारखा दिसतो. मुठीची झीज हात लागतो तेथेच व्हावयाची. पाते गंजलेले, पण कोरलेल्या नावाची खोबण चकचकीत, तर नाव कालचेच!

२०२४ साली साताऱ्यास आलेल्या वाघनखांच्या पेटीवर ‘मोगल सेनापती’ मारल्याचा लेख आहे. १६५९ साली पडलेला अफझलखान तर विजापूरकरांचा. ती वाघनखे महाराजांचीच, असे लंडनचे संग्रहालयही छातीठोकपणे सांगत नाही. मग आम्ही दुकानदाराच्या शब्दावर देवापुढे खोटे का ठेवावे? आधी पारख, मग हळदकुंकू!