गाव बदलताना

पुण्याच्या पेठांतून आणि चिंचवड-निगडीच्या वसाहतींतून गेल्या काही वर्षांत एक वाक्य वारंवार कानी पडते, "आता तळेगावला जावे म्हणतो." बोलणारा कधी निवृत्तीला टेकलेला व्यापारी असतो, कधी हिंजवडीत नोकरी करणारा तरुण, तर कधी दोन खोल्यांच्या वाड्यात तीन पिढ्या सांभाळून थकलेली गृहिणी. कारणेही ठरलेली असतात. पेठेत गाडी लावायला जागा नाही, रात्री भोंग्यांचा आवाज थांबत नाही, मुलांना अंगण नाही. तळेगावात मात्र हवा थंड आहे, झाडे आहेत आणि पहाटे पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो. यातले एकही कारण खोटे नाही. तरीही घर बदलणे हा केवळ सोयीचा प्रश्न नसून तो गृहस्थधर्माचाही प्रश्न आहे. आपल्या आचार्यांनी आणि पंडितांनी त्याचा विचार फार पूर्वी केला आहे. या वेळी त्याच विचाराच्या आधाराने या स्थलांतराकडे पाहू.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी कुमारपाळ राजासाठी 'योगशास्त्र' रचले. त्याच्या पहिल्या प्रकाशाच्या अखेरीस श्रावकधर्माला पात्र होणाऱ्या गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. न्यायाने धन मिळवणे हा त्यातला पहिला गुण. त्याच यादीत घराविषयीही सूचना आहे. घर फार उघड्यावर नसावे आणि फार आडबाजूलाही नसावे, शेजार चांगला असावा आणि ये-जा करण्याची दारे अनेक नसावीत. संकटग्रस्त झालेले स्थान सोडावे, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे स्थान सोडण्याला आपल्या परंपरेत दोष नाही. मात्र जेथे जायचे तेथे शेजार कसा आहे, हे पाहण्याची अट आहे. घराची जाहिरात खोल्या, बागा आणि तरणतलाव मोजते. आचार्यांनी शेजारी मोजले.

दिगंबर परंपरेतील पंडित आशाधर यांनी तेराव्या शतकात 'सागारधर्मामृत' लिहिले. अगार म्हणजे घर. घरात राहून धर्म पाळणारा तो सागार आणि घर सोडलेला साधू तो अनगार. सागाराची योग्यता सांगताना आशाधरजींनी अनुरूप गृहिणीच्या जोडीने योग्य स्थान आणि योग्य आलय यांचा उल्लेख केला आहे. कोणत्या गावी राहतो आणि कोणत्या घरी राहतो, या दोन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. आपण मात्र बहुतेक वेळा घर पाहतो आणि गाव त्यासोबत आपोआप मिळाले असे समजतो.

आशाधरजींचे स्वतःचे चरित्र या विषयाला फार जवळचे आहे. ते बघेरवाल ज्ञातीचे. आज ही ज्ञाती कारंजा आणि विदर्भ-मराठवाड्याच्या परिसरात मराठी बोलते. त्यांचे मूळ गाव मांडलगड. शहाबुद्दीन घोरीच्या स्वाऱ्यांनी तो प्रदेश असुरक्षित झाला, तेव्हा ते कुटुंबासह माळव्याची राजधानी धारा नगरी येथे आले. धारा त्या काळी विद्येचे केंद्र होते. तेथेच त्यांचे शास्त्राध्ययन झाले. पुढे मात्र त्यांनी राजधानी सोडली आणि नलकच्छपूर या लहान गावी वस्ती केली. धारहून मांडूकडे जाणाऱ्या वाटेवरचे नालछा ते हेच. आपल्या ग्रंथांच्या प्रशस्तींत त्यांनी या स्थलांतराचे कारण स्वतः नोंदवले आहे. ते गाव श्रावकांनी भरलेले होते आणि जिनधर्माच्या उदयासाठी ते तेथे गेले. तेथील नेमिनाथाच्या चैत्यालयात बसून त्यांनी आपले ग्रंथकार्य केले. विक्रम संवत १२९६ मध्ये 'सागारधर्मामृता'ची आणि संवत १३०० मध्ये 'अनगारधर्मामृता'ची टीका पूर्ण झाली.

मोठ्या नगराजवळच्या लहान गावी जाणारा एक विद्वान आपल्यापुढे सुमारे आठशे वर्षांपूर्वी असा उभा आहे. त्याने शांतता शोधली नसेल असे नाही. पण नोंद करताना त्याने हवा-पाण्याचा उल्लेख केला नाही, श्रावकांचा केला. जाण्यामागे एक काम होते आणि त्या कामाला साथ देणारी माणसे तेथे होती. तळेगावला, अथवा अशाच कोणत्याही गावाला, निघालेल्या कुटुंबाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न यातूनच मिळतो : तेथे जाऊन आपण काय करणार आहोत?

आता तळेगावाकडे पाहू. सरसेनापती दाभाड्यांचे हे गाव. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, आणि रेल्वेच्या सोबतीने गावाला स्टेशनचा दुसरा भाग जोडला गेला. आजही तळेगावकर 'गाव' आणि 'स्टेशन' असा भेद बोलण्यात पाळतात. स्वदेशीच्या काळात सामान्य माणसाच्या एकेका पैशातून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये याच गावी निघाला. हवापालटासाठी येण्याचे गाव ही त्याची जुनी कीर्ती. म्हणजे तळेगाव हे पुण्याचे रिकामे अंगण कधीच नव्हते. त्याला स्वतःचा इतिहास, स्वतःचे तलाव, स्वतःचा बाजार आणि पिढ्यान्पिढ्या राहणारी माणसे आहेत. तेथील जुनी जैन घरे त्यांतच आली.

शहर मात्र त्याच्या दिशेने सरकत राहिले. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, मागोमाग कारखाने आले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहू लागला. चाकणची मोटार कारखानदारी वाढली, तसा तळेगाव-चाकण रस्ता अवजड वाहनांनी भरून गेला. २०११ च्या जनगणनेत तळेगाव दाभाडेची लोकसंख्या सुमारे ५६ हजार होती. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले आणि हा सारा टापू त्याच्या नकाशात गेला. त्यामुळे आज विकत घेतलेली शांतता पंधरा वर्षांनी तशीच राहील, या भरवशावर कोणी निर्णय घेऊ नये. शिवाय जी गर्दी टाळायला आपण निघालो, ती आपल्याच रूपाने तेथे पोहोचत असते. आपल्या इमारतीसाठी माळ खोदला जातो, आपल्या नळासाठी पाणी वळते आणि आपल्या गाडीने रस्ता अडतो. याचे भान ठेवून जाणारा माणूस तेथे नम्रतेने राहतो आणि जुन्या रहिवाशांना तो परका वाटत नाही.

यानंतर नित्य आचाराचा हिशोब. पुण्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास. शिवाजीनगरच्या कचेरीतून सहाला सुटणारा माणूस पेठेत राहिला तरी हिवाळ्यात त्याला चौविहार साधत नाही. तळेगावला राहिला तर उन्हाळ्यातही साधणे अवघड. रेल्वेचे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे, आणि लोकलला पाऊण ते एक तास लागतो. त्यात स्टेशनपर्यंतची दोन्हीकडची वाट मिळवावी लागते. सकाळचेही तसेच. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, म्हणजे नवकारसी आठच्या आसपास येते, आणि त्या वेळी हा मनुष्य दापोडी-खडकीच्या दरम्यान उभा असतो. ज्या घरांत रात्रिभोजनत्याग आहे, त्यांनी डबा, कामाची वेळ आणि गाडीचे वेळापत्रक यांचा मेळ घर पाहण्यापूर्वी बसवावा. पाच वाजता कचेरीतच जेवून निघणारे काही जण आहेत, त्यांचा नियम सुखरूप चालतो. हे ठरवावे मात्र लागते, आपोआप होत नाही.

सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. योगायोगाने लोकलचा एक फेरा साधारण तेवढाच. धावत्या गाडीत विधिपूर्वक सामायिक होत नाही, पण नवकारस्मरणाला किंवा एखाद्या ग्रंथाच्या दोन पानांना कोणाची आडकाठी नाही. तोच वेळ पडद्यावर बोट फिरवण्यात गेला, तर दूर राहण्याची किंमत आपण दुप्पट मोजली असे होईल.

सर्वांत नाजूक प्रश्न वडीलधाऱ्यांचा. "आई-बाबांना तेथे ठेवू, हवा चांगली आहे, आम्ही शनिवारी येत जाऊ," असे अनेक घरांत प्रेमानेच ठरते. पेठेतल्या पंच्याहत्तर वर्षांच्या आजींचा दिवस मात्र जरा नीट पाहावा. पहाटे त्या एकट्या चालत मंदिरात जातात. वाटेत चार जणी भेटतात. व्याख्यानाला बसतात. परतताना भाजी घेतात, भाजीवाल्याशी दोन शब्द बोलतात. चतुर्दशीला कोणाचा उपवास आहे, कोणाचे पारणे आहे, कोण आजारी आहे, हे सारे त्यांना ठाऊक असते. नव्या वसाहतीच्या सातव्या मजल्यावर या आजींना खिडकीतून डोंगर दिसतो, पण दर्शनाला जायचे तर रिक्षा बोलवावी लागते, आणि रिक्षा बोलवायला मुलाला फोन करावा लागतो. ज्या स्त्रीने पन्नास वर्षे कोणाला न विचारता जिनदर्शन घेतले, तिला आता परवानगीसारखे काहीतरी मागावे लागते. तिला लागलेली ही शांतता कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती तक्रार करत नाही.

म्हणून सुचवावेसे वाटते की घर नक्की करण्याआधी वडीलधाऱ्यांना तेथे महिनाभर भाड्याने राहू द्यावे. तो महिना मे असावा किंवा जुलै, कारण मे महिन्यात पाण्याची खरी स्थिती कळते आणि जुलैत मावळचा पाऊस कळतो. मंदिर किंवा स्थानक पायी किती लांब आहे, रात्री डॉक्टर कोठे मिळतो, पाठशाळा भरते की नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे. महिन्यानंतर त्या जे सांगतील ते अखेरचे मानावे. "तुम्हाला आवडेल हळूहळू," हे उत्तर त्यांना देऊ नये.

परिग्रहाचा विचारही येथे टाळता येत नाही. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहपरिमाणाचे अतिचार सांगताना आरंभच क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांनी केला आहे. पेठेतले घर विकून तळेगावला घेतले, तर परिमाण तेवढेच राहते. पेठेतले ठेवले, तळेगावचे घेतले, आणि तेही वर्षातून वीस दिवस उघडले, तर त्याला निवृत्ती म्हणणे कठीण आहे. बंद खिडक्यांच्या इमारतींनी गाव वाढते, पण संघ वाढत नाही.

दिग्व्रताच्या अतिचारांत दोन नावे लक्षात राहण्यासारखी आहेत. एक क्षेत्रवृद्धी, म्हणजे एका दिशेची मर्यादा कमी करून दुसऱ्या दिशेची वाढवणे आणि व्रत मोडले नाही असे समजणे. दुसरा स्मृत्यंतराधान, म्हणजे आखलेली मर्यादाच विसरणे. शहरे अशीच वाढतात आणि माणसेही. "एवढे एक घर झाले की थांबू," असे म्हणणाऱ्याने ती मर्यादा लिहून ठेवावी, आणि घरातल्या कोणाला तरी ती आठवण देण्याचा अधिकार द्यावा.

आता तेथे जाऊन काय करायचे, या पहिल्या प्रश्नाकडे वळू. मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान पायी विहार करणाऱ्या साधू-साध्वींना द्रुतगती मार्गावरून चालता येत नाही. त्यांची वाट जुन्या महामार्गाची, अवजड गाड्यांच्या शेजारून जाणारी. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर उरलेले आठ महिने त्यांचे स्थलांतर चालूच असते, आणि त्यांच्याबरोबर सामानाचा टेम्पो नसतो. त्या वाटेवर राहायला गेलेल्या श्रावकाला पहाटे उठून दोन-चार किलोमीटर सोबत चालता येते. गोचरीसाठी निर्दोष आहार आणि उतरण्यासाठी स्वच्छ खोली देता येते. पेठेत ही संधी क्वचितच लाभते.

याच मावळात, कामशेतजवळच्या पाले गावी, डोंगरात एक लेणे आहे. तेथील ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले यांनी अभ्यासकांपुढे आणला. त्याची सुरुवात अरिहंतांच्या नमस्काराने होते. इसवी सनापूर्वीच्या शतकांतील हा लेख बहुतेक अभ्यासक जैन मानतात, आणि महाराष्ट्रातील जैन लेखांत तो सर्वांत जुना गणला जातो. इंद्ररक्षित नावाच्या भदंतांनी येथे लेणे आणि पोढी करवली, एवढेच त्यात सांगितले आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत आलेल्या जैन साधूंच्या नावावर दोनच गोष्टी शिल्लक आहेत. एक निवारा आणि एक पाणवठा. दोन्ही पुढे येणाऱ्यांसाठी.

ज्यांचा निर्णय झाला आहे, त्यांनी अवश्य जावे. जाताना देवघरातील प्रतिमा जितक्या जपून न्याल, तितक्याच जपून आई-वडिलांचा दिनक्रम न्यावा. पहिल्या महिन्यात जुन्या रहिवाशांकडे स्वतः जाऊन ओळख करून घ्यावी. पाठशाळा नसेल तर रविवारी आपल्याच दिवाणखान्यात पाच मुले बसवावीत. पावसाचे पाणी टाक्यात उतरवण्याची सोय सोसायटीत आग्रहाने करावी. आणि येत्या पर्युषणात, किंवा दशलक्षण पर्वात, जुन्या पेठेतल्या शेजाऱ्यांना क्षमापनेसाठी फोनवर संदेश न धाडता एकदा लोकलने जाऊन भेटून यावे. तासाभराची वाट आहे.