आधी धूर बाहेर, मग टाइल्स

चवथ जवळ आली की वास्को, दाबोळी, चिखलीच्या फ्लॅटांत राहणाऱ्या अनेक कुटुंबांना पेडणे-डिचोलीकडचं गावचं घर आठवतं. रंग काढायचा, कोळिष्टकं झाडायची, माटोळीची जागा पुसून घ्यायची. अलीकडे या यादीत आणखी एक काम आलंय: मागच्या पडवीतल्या जुन्या चुलीला 'नवं रूप' देणं. मोबाइलवर एक व्हिडिओ बघायचा, हार्डवेअरच्या दुकानातून टाइल्स, पांढरं सिमेंट आणि रंगाचा डबा आणायचा, की दोन दिवसांत काळी चूल चकाचक. मग फोटो, मग स्टेटस.

स्वतःच्या हाताने घरचं काम करण्याला माझा विरोध मुळीच नाही. चूल ही तर मुळातच हातची वस्तू. तांबड्या मातीत तूस आणि शेण मिसळून, ती मळून बायकाच चूल घालायच्या. शेजारी वैल काढायच्या, तडा गेला की बोटाने लिंपायच्या आणि सारवून पुन्हा नवी करायच्या. आज ज्याला आपण 'डू इट युवरसेल्फ' म्हणतो, ते आपल्या आज्यांनी जन्मभर केलं. फरक एवढाच की त्यांचं लिंपण चूल चालावी म्हणून होतं. आपलं मात्र ती दिसावी म्हणून असतं. माझं म्हणणं तिथेच आहे.

कुणी म्हणेल, आता चुलीवर रांधतं कोण? केंद्राची उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली, गॅस तर बहुतेक घरांत त्याआधीच आला होता. खरं आहे. पण गॅस आला म्हणून चूल विझली नाही, ती फक्त मागील दारी गेली. पावसाळ्यात न्हाणीचं पाणी तिच्यावरच तापतं. उकड्या तांदळाची पेज तिच्यावर शिजते. चवथीला घर भरलं की मोठी टोपं तिच्यावरच चढतात, आणि नाताळात शेजारच्या घरी दोदोलाचं भांडं तासन् तास तिच्यावरच घाटलं जातं. सोडणं, करवंट्या, चुडतं माडाखाली फुकट मिळतात. सिलिंडर फुकट मिळत नाही. म्हणजे चूल आहे, आणि चुलीपुढे बसणारी बाईही आहे, मग ती हिंदू घरातली असो वा ख्रिस्ती.

आता आपल्या मुरगावचं बघा. बंदरावरच्या कोळशाची धूळ खिडकीच्या चौकटीवर बोटाने दिसते, म्हणून आपण बोलतो. 2017 मध्ये वास्कोत जनसुनावणी झाली तेव्हा लोक किती पोटतिडकीने बोलले, हे अजून आठवतं. बरोबरच होतं ते. पण बाहेरच्या काळ्या धुळीवर बोलणारे आपण घरातल्या काळ्या भिंतीपुढे गप्प बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुली-शेगड्यांच्या प्रदूषणाने 2020 या एका वर्षात जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली. चुलीचा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. त्यात फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण असतात आणि कार्बन मोनॉक्साइडही. टाइल्स लावल्याने त्यातलं काहीच कमी होत नाही. उलट तापल्यावर टाइल एका मापाने फुगते आणि सिमेंट दुसऱ्या, म्हणून चुलीच्या तोंडाजवळची टाइल लवकरच सुटते. ग्रॅनाइटला आचेने तडे जातात. ऑइल पेंट तर सरळ जळतो आणि त्याचा वास अन्नापर्यंत पोचतो.

धुराचा विचार आपल्याकडे कुणी केलाच नाही असंही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम काढला, तो 2002 पर्यंत चालला. त्यातल्या पुष्कळ चुली काही काळाने पडून राहिल्या. कुठे धुराडं तुंबलं आणि साफ करायला कुणी शिकवलं नव्हतं, कुठे घरातलं भांडं चुलीच्या तोंडावर बसत नव्हतं. रांधणाऱ्या बाईला विचारायचं राहून गेलं होतं. आज सरकारच्या जागी घरातला हौशी मुलगा किंवा मुलगी आहे, पण विचारायचं अजूनही राहतंय.

मग करायचं काय? खर्च टाइल्सपेक्षा जास्त नाही. लाकडाखाली लोखंडी जाळी बसवा, म्हणजे राख खाली पडेल, खालून वारा मिळेल आणि जाळ स्वच्छ होईल. मागच्या बाजूने पत्र्याची किंवा भाजक्या मातीची नळी काढून छपराच्या वर न्या. पावसासाठी तिला टोपी हवी, आणि ती वाशाला टेकता कामा नये, नाहीतर आग लागेल. कुठेतरी पडलेली ॲस्बेस्टॉसची नळी उचलून आणू नका. नळीतली काजळी नेमाने काढा. लाकडं आणि सोडणं मे महिन्यातच सुकवून आडोशाला रचा, कारण ओल्या लाकडाला कुठलीच चूल पुरी पडत नाही. चुलीचं अंग मातीचंच राहू दे. टाइल्स हव्याच असतील तर त्या आचेपासून लांब, भिंतीवर लावा. काजळी पुसायलाही सोपं जाईल.

जुनी माणसं एक हरकत घेतील आणि ती खोटी नाही: धुरानेच वाशांना कीड लागत नव्हती, धुरावरच सोलं आणि चोरीस टिकत होते. पण वाशांना काजूच्या टरफलांचं तेल लावता येतं, सोलांना ऊन दाखवता येतं. फुप्फुसांवर असा कुठलाच उपाय घरी करता येत नाही.

'चूल आणि मूल' या शब्दांवर आपण वर्गात निबंध लिहितो, वादविवाद करतो, टाळ्याही घेतो. पण वाद जिंकून चुलीपुढचा धूर हटत नाही. तो जाळी आणि नळीने हटतो. यंदा चवथीला ज्याच्या डोक्यात चुलीचा कायापालट आहे, त्याने टाइल्स आणण्याआधी एकदा अर्धा तास स्वतः चुलीपुढे बसून, फुंकणी हातात घेऊन, भांडंभर पाणी तापवावं. डोळे चुरचुरले की सामानाच्या यादीत पहिलं काय लिहायचं, ते कुणी सांगावं लागणार नाही.