खुशाली



आमचे बसवकल्याण जेव्हा चालुक्यांची राजधानी होते, तेव्हाची, म्हणजे अकराव्या शतकातील गोष्ट. काश्मीरचा एक कवी देशोदेशी फिरत या नगरीत आला. बिल्हण त्याचे नाव. सहाव्या विक्रमादित्याने त्यास विद्यापती ही पदवी देऊन दरबारी ठेवून घेतले. बिल्हणाने राजाचे चरित्र अठरा सर्गांत रचिले. परंतु अखेरचा सर्ग त्याने आपल्या काश्मीरसाठी, आपल्या खोनमुख गावासाठी व आपल्या घराण्यासाठी राखून ठेवला. मानमरातब लाभला, तरी घर काही मनातून गेले नाही.

आज प्रवास उलट दिशेने चालला आहे. आमची मुले सस्तापूर बंगल्याच्या फाट्यावर ट्रंक घेऊन उभी राहतात आणि बिल्हणाच्या काश्मीरकडे, लडाखकडे, अरुणाचलाकडे पहाऱ्यावर जातात. बेळगावी ज्या मराठा पलटणीचे केंद्र आहे, तिची पहिली तुकडी १७६८ साली उभी राहिली. म्हणजे आमच्या मराठी घरांस मुलाची वाट पाहण्याची सवय आजची नव्हे.

वाट पाहण्याची साधने मात्र पालटली. पूर्वी पोस्टमन हाच एक दुवा. पुढे उंच ठाण्यांवर उपग्रहाचे दूरध्वनी आले. त्यांवर बोलण्यास मिनिटास पाच रुपये पडत, ते २०१७ च्या दिवाळीपासून एक रुपया झाले. २०२३ साली तर सियाचेनमध्ये पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर मोबाइलचा मनोरा उभा राहिला. मुलाचा आवाज आता घरात ऐकू येतो, कधी मुखही दिसते. मग उणे काय राहिले? हे सांगण्यासाठी आम्हांस आमची स्वतःचीच एक चूक सांगणे भाग आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका घरचा मुलगा काश्मीरकडे एका ठाण्यावर होता. वडिलांस छातीचे दुखणे जडले. त्याची आई आमच्याकडे आली व म्हणाली, "फादर, लेकराला कळवू का?" आम्ही क्षणभर विचार केला व म्हणालो, "बाई, तूर्त नको. तो तिकडे बर्फात उभा. त्याचे चित्त ढळेल. वडिलांना बरे वाटले म्हणजे सांगू." माउलीने आमचा शब्द मानला. तीन रविवार मुलाचा फोन आला, तीनही रविवारी त्यास उत्तर मिळाले, "बाबा शेतात गेलेत." चौथ्या आठवड्यात वडील प्रभूच्या घरी गेले. मुलगा पोहोचला तो दफनविधीनंतर दोन दिवसांनी. कबरीवरील फुले वाळली होती.

संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "फादर, रजा मिळाली नसती तर नसती. पण फोन एकदा बाबांच्या कानाला लावायचा होता." आम्हांस उत्तर सुचले नाही. मग आमची दृष्टी त्याच्या हाताकडे गेली. दोन बोटे काळवंडली होती. हिमदंशाने तो दोन आठवडे इस्पितळात पडून होता आणि त्याच रविवारी घरी सांगत होता, "मी मजेत आहे." दोन्हीकडे माया होती, आणि दोन्हीकडे असत्य. त्या घरच्यांच्या संमतीनेच आम्ही हे येथे लिहीत आहोत.

त्या रात्री आम्हांस फादर स्टीफन्स यांची आठवण झाली. क्रिस्तपुराणाचे कर्ते म्हणून त्यांचे नाव मराठी ख्रिस्ती घरांत आदराने घेतले जाते. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरले. सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरास, त्यांनी लंडनमधील आपल्या पित्यास पत्र लिहिले. त्यात समुद्रातील मासे व पक्षी आहेत, वारे व तारे आहेत. परंतु जहाजावरील रोगही आहे. सुमारे दीडशे माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली, हे त्यांनी पित्यापासून लपविले नाही. १५८३ साली त्यांनी आपल्या भावास पत्र लिहून येथील भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य कळविले. ते मायदेशी परतले नाहीत. १६१९ साली गोव्यातच निवर्तले. तरी ते कोठे व कसे जगत होते, हे घरच्यांस ठाऊक होते. जे खरे आहे तेच कळविणे, हीच खुशाली.

म्हणून ज्यांची मुले सीमेवर आहेत, त्यांस आमची चार शब्दांची विनंती आहे. मुलाचा सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कागदावर लिहून क्रूसाजवळ ठेवा. पत्रावर एवढे व खाली ५६ ए.पी.ओ. अथवा पूर्वेकडील पलटणीसाठी ९९ ए.पी.ओ. लिहावे. ठाण्याचे नाव लिहू नये, विचारूही नये. घरात गंभीर आजार असल्यास तो मुलास व त्याच्या अधिकाऱ्यास वेळीच कळवा. अशा प्रसंगी रजा देण्याची रीत सैन्यात आहे. बातमी धीराने सांगा, पण सांगा. फोनवर धाकट्यांस व वृद्धांसही बोलू द्या. सारा वेळ पैशाच्या हिशेबात घालवू नका. आणि महिन्यास एक पत्र लिहा. फोनचा आवाज विरून जातो; पत्र खिशात राहते, पहाऱ्यावरून परतल्यावर पुन्हा वाचता येते. मुले कानडी शाळेत जात असतील तर कानडीत लिहोत. आजीने मराठीत सांगावे, नातीने लिहावे.

मुलांनो, तुम्हांसही हेच सांगणे आहे. आईस बर्फाचे भय वाटेल म्हणून बोटे लपवू नका. तुम्ही न सांगता ती जी चित्रे मनात रंगविते, ती खऱ्याहून भयंकर असतात.

तो मुलगा पुन्हा आपल्या ठाण्यावर गेला आहे. निघताना तो आईस म्हणाला, "आता खरे तेच सांग, आई. मीही खरे तेच सांगेन." मागल्या रविवारी मिस्सेनंतर ती माउली आम्हांस म्हणाली, "फादर, लेकराला ताप आलाय." आणि तिच्या मुद्रेवर चिंता होती खरी, पण तिच्याबरोबर एक समाधानही होते.