हळदीला विचारून रंग ठरवा

पांढरी, आरशासारखी चकचकीत शटर्स. नव्या घरात ट्रॉल्या बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सध्या हेच हवे असते, किंवा आपल्याला हेच हवे आहे असे त्याला कोणीतरी पटवून दिलेले असते. ओट्याची उंची स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपरावरून ठरवा, असे मी इथे लिहिले तेव्हा बऱ्याच वाचकांना ते पटले होते. रंगाच्या बाबतीत मात्र तेच वाचक मला सांगतात, ‘रंग म्हणजे आवडीचा प्रश्न.’ मला हे मान्य नाही. रंग आणि फिनिश हा कामाचा प्रश्न आहे, आणि ते काम पुढची दहा-पंधरा वर्षे रोज कोणालातरी करावे लागते.

या आठवड्यात भाचीच्या घरासाठी तिच्याबरोबर एका मोठ्या शोरूममध्ये गेले होते. घर पुण्याच्या पश्चिम भागातले, स्वयंपाकघर जेमतेम सत्तर चौरस फुटांचे. तिथल्या तरुणाने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, थीम काय ठेवायची?’ दुसरा बजेटचा. तिसरा, शटरला हँडल हवे की नको. घरात दिवसाला किती फोडण्या होतात, सोसायटीत टँकरचे पाणी येते का, शटर पुसणार कोण, यांतले एक अक्षर त्याने काढले नाही. भाचीने सागवानी छटेच्या सनमायकाचा तुकडा हातात घेतला तेव्हा तो म्हणाला, ‘हे जरा जुनं वाटतं.’ तेवढ्यावर ती मागे सरली. रोज दोन वेळचा स्वयंपाक करणारी मुलगी, आणि तिचे म्हणणे ज्याने कधी तिच्या ओट्यावर भाकरी थापली नाही त्याने खोडून काढले. माझा संताप झाला तो इथे.

सत्तर चौरस फुटांचे स्वयंपाकघर म्हटले की मला १९२६ सालचे फ्रँकफर्ट आठवते. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची भीषण टंचाई होती. नगररचनेचे प्रमुख एर्न्स्ट माय यांनी नव्या वसाहती बांधायला घेतल्या आणि त्यांतल्या स्वयंपाकघराची रचना मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या तरुण ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईकडे सोपवली. खोली १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे भाचीच्या स्वयंपाकघराएवढीच. तसली सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची आजी ती. घरे गरिबांची आणि मध्यमवर्गीयांची होती, पैसा मोजका होता, आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, प्रत्येक वस्तूच्या रंगाला आणि लाकडाला तिथे कारण होते.

त्यांतली अनेक कपाटे निळसर हिरव्या रंगात रंगवली होती. का? तर निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत, असे तेव्हा मानले जाई. पिठाचे कप्पे ओक लाकडाचे केले, कारण ओकमध्ये टॅनिन असते आणि त्यामुळे पिठात अळ्या होत नाहीत. काम करण्याचा पाट बीच लाकडाचा, कारण त्यावर डाग, आंबट पदार्थ आणि सुरीचे वार यांचा परिणाम कमी होतो. तांदूळ, साखर, डाळी यांच्यासाठी ॲल्युमिनियमचे कप्पे. त्यांना मूठ आणि पुढे चोच, म्हणजे कप्पा काढून थेट भांड्यात ओतता येई. छतावरचा दिवा रुळावरून सरकवता येई, म्हणजे काम जिथे तिथे उजेड.

माश्या खरोखरच निळ्याला टाळतात का, यावर वाद घालता येईल. माझ्या दृष्टीने महत्त्व आहे ते श्युटे-लिहोत्स्कीने विचारलेल्या प्रश्नाचे. तिने आधी शत्रू ओळखले: माशी, अळी, आम्ल, सुरी, अंधार. मग प्रत्येकासाठी रंग, लाकूड किंवा दिवा निवडला. ही बाई तेव्हा स्वतः स्वयंपाकही करत नव्हती. पुढे तिनेच ते मोकळेपणाने सांगितले. पण करणाऱ्यांना विचारण्याची, त्यांची पावले आणि मिनिटे मोजण्याची तिची तयारी होती. तिच्या रचनेवर पुढे टीकाही झाली. खोली इतकी अरुंद की बाई एकटीच तिथे अडकून पडते, दुसरे कोणी मदतीला शिरूच शकत नाही, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. रंग आणि लाकूड निवडण्याच्या तिच्या पद्धतीला मात्र त्या टीकेने धक्का लागत नाही. तसले एक स्वयंपाकघर आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. आमच्या शोरूममधल्या माणसाने ते एकदा पाहावे असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या ओट्याकडे येऊ. आपले शत्रू वेगळे आहेत, आणि ते फ्रँकफर्टच्या माशीपेक्षा चिवट आहेत.

पहिली फोडणी. कढईतल्या तापलेल्या तेलाचे बारीक कण हवेत उडतात. चिमणी त्यांतले बरेचसे ओढते, सगळे नाही. उरलेले वरच्या कपाटांच्या शटरवर बसतात, हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होतात आणि त्यांचा चिकट, ओशट थर बनतो. त्यावर धूळ बसली की तो थर साध्या ओल्या फडक्याने निघत नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले गेलेले करडईचे तेल रंगाच्या कारखान्यातही वापरतात ते याच गुणामुळे, कारण ते हवेत सुकून पापुद्रा धरते. म्हणजे रोजच्या फोडणीने आपण शटरवर वॉर्निशच चढवत असतो. चकचकीत पृष्ठभागावर हा थर आडव्या उजेडात लगेच दिसतो, आणि अर्धवट पुसला तर फडक्याच्या रेघांसकट दिसतो. मॅट किंवा स्वीड सनमायकावर तो तेवढाच बसतो, पण डोळ्यांत खुपत नाही, आणि आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्याने निघतो. मात्र ‘मॅट’ म्हणून खोलगट रेघांचे, खडबडीत टेक्श्चर कोणी गळ्यात मारत असेल तर शेगडीच्या आसपास ते घेऊ नका. तेल त्या रेघांत जाऊन बसते आणि मग दातांचा ब्रश घेऊन बसावे लागते.

दुसरी हळद, आणि माझ्या मते रंग ठरवण्याचा खरा अधिकार तिचाच. मिसळणाचा डबा उघडला, चमचा हलला, बोट शटरच्या कडेला लागले की झाले. घाईत बाई त्यावर साबण फिरवते आणि पिवळा डाग लालसर होतो, कारण क्षाराशी गाठ पडली की हळद लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका पडतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. पण ओट्याखालच्या शटरवर ऊन कुठून येणार? भिंतीला बिल्डरची डक्ट, समोर दुसरी इमारत. पांढऱ्या पीव्हीसी मेंब्रेनवर किंवा हलक्या प्रतीच्या पांढऱ्या मॅट रंगावर तो डाग मुरला तर मुरलाच. चांगल्या सनमायकाचा वरचा थर कडक मेलामाइन रेझिनचा असतो, त्यात हळद सहज शिरत नाही. तरीही रंग बदामी, मातकट, फिका तपकिरी किंवा राखाडी हिरवा असेल तर चुकून राहिलेला डाग घराचा अपमान वाटत नाही.

तिसरे पाणी. पांढऱ्याला कंटाळलेली मंडळी आता काळ्या आणि गडद निळ्या शटरकडे वळली आहेत. त्यांनी आधी आपल्या नळाला काय येते ते पाहावे. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यात क्षार भरपूर. सिंकखालच्या काळ्या शटरवर ओघळ सुकला की पांढरी रेघ उमटते, आणि दिवसातून तीनदा पुसले तरी चौथ्यांदा उमटते. गडद चकचकीत ॲक्रिलिकवर बोटांचे ठसे आणि घासणीचे ओरखडे पांढऱ्याहूनही जास्त दिसतात. वास्तूसाठी काळा टाळणाऱ्यांचा निर्णय निदान सिंकखाली तरी योग्यच ठरतो, कारण वेगळे असले तरी.

चौथी हवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार महिने दमट हवा लाकडात शिरायला बघते, आणि तिथे रंगापेक्षा आतला गाभा महत्त्वाचा असतो. एमडीएफवर तापवून चिकटवलेले मेंब्रेन शेगडीच्या आणि ओव्हनच्या उष्णतेने कडेला सुटू लागते आणि त्या फटीतून पाणी आत गेले की शटर फुगते. पाण्याजवळच्या खणांसाठी आयएस ७१० ची खूण असलेला प्लायवूड मागा. ती खूण फळीवर छापलेली असते आणि फळी कापण्यापूर्वी पाहायची असते. कडेची पट्टीही मशीनने लावलेली हवी. हाताने फेविकॉल लावून बसवलेली पट्टी पहिल्या पावसाळ्यात उचकटते.

पांढऱ्याच्या आग्रही मंडळींना एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. सनमायका म्हणजे एकावर एक दाबलेले कागद. वरचा रंगीत, खालचे तपकिरी क्राफ्ट. त्यामुळे पांढऱ्या शटरवर जिथे दोन पत्रे काटकोनात भेटतात तिथे बारीक तपकिरी रेघ दिसतेच. ती सुताराची चूक नव्हे, मालाचा स्वभाव आहे. लाकडी किंवा मातकट छटेत ती रेघ मिसळून जाते.

पीयू पेंट दिसायला देखणा असतो, यात वाद नाही. पण टवका उडाला की घरी दुरुस्त होत नाही, आणि किंमत सनमायकाच्या कैकपट. ज्या घरात मुले तीनचाकी सायकल घेऊन स्वयंपाकघरात शिरतात तिथे मी तो सुचवणार नाही.

मग पांढरा कुठेच नको का? वरच्या कपाटांना, शेगडीपासून दूर, जरूर द्या. खोली लहान आणि अंधारी असेल तर फिकट वरचा भाग खरोखर उपयोगी पडतो. खाली मात्र मध्यम छटा, मॅट किंवा स्वीड, एक मिलिमीटर जाडीची. आपल्याकडे चुन्यात नीळ घालून स्वयंपाकघराच्या भिंती रंगवत आणि खालचा हातभर पट्टा गेरूचा ठेवत. जिथे हात, पाणी आणि केरसुणी लागते तिथे गडद, जिथे उजेड हवा तिथे फिका. शोरूमच्या थीमपेक्षा हे शहाणपण मला कितीतरी मोठे वाटते.

माझे ठाम मत आहे की आजचे बहुतेक रंग हे वास्तुशांतीच्या दिवशी काढायच्या फोटोसाठी निवडले जातात. ओपन किचनचा हट्टही त्यातलाच. हॉलमधल्या सोफ्यावरून स्वयंपाकघर कसे दिसेल, हा प्रश्न सगळे विचारतात. स्वयंपाकघरात उभे राहून ते कसे वापरता येईल, हा कोणी विचारत नाही. आणि जी पुसणार तिला तर कोणीच विचारत नाही. ज्या घरात कामाला मावशी येतात तिथे शटर त्याच पुसतात. चार-पाच घरांतली शटर्स रोज हाताखालून जाणारी ही बाई कोणत्याही डिझायनरपेक्षा फिनिशबद्दल जास्त सांगू शकते. कोणते सहज निघते, कोणत्यावर रेघा राहतात, कोणते वर्षभरात पिवळे पडले, हे तिला पाठ असते. भाचीला मी हेच सांगितले. तिने तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दोन तुकडे दाखवले. त्यांनी न बोलता सागवानी स्वीडचा तुकडा उचलून दिला.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी एवढे करा. कॅटलॉगवर विसंबू नका, आवडलेल्या दोन-तीन छटांचे तळहाताएवढे तुकडे मागून घरी न्या. ते आडवे ठेवून नव्हे, शटरसारखे उभे धरून, ओट्याखालच्या उंचीवर, सकाळच्या उजेडात आणि रात्री तुमच्याच ट्यूबखाली पाहा. शोरूमच्या पिवळ्या दिव्यांत उबदार दिसलेली छटा पांढऱ्या ट्यूबखाली मेलेली दिसू शकते. तुकड्यावर हळद-तेलाचा एक थेंब आणि नळाच्या पाण्याचे दोन थेंब रात्रभर ठेवा. सकाळी ते स्वतः नका पुसू, घरात जी पुसणार आहे तिला पुसायला द्या. जो तुकडा तिने पसंत केला त्याचा कंपनीचा शेड नंबर, फिनिश आणि जाडी कोटेशनवर लिहून घ्या, आणि त्याच शेडचा एक जास्तीचा पत्रा विकत घेऊन माळ्यावर ठेवा. छटा बाजारातून बंद होतात, आणि पाच वर्षांनी एक शटर बदलायची वेळ आली तर तो पत्राच उपयोगी पडतो.