सोलरची वीज दुपारी, घरचा वापर रात्री. बिलाचं गणित अडतं कुठं?

हट्टा (ता. वसमत) : छतावर सोलर बसवलं की बिल शून्य, असं गावोगावी बोललं जातं. पण पॅनल बसलेल्या घरातही दोन-चार महिन्यांत प्रश्न येतो, वीज तर तयार होतेय, मग हे बिल कशाचं? बऱ्याचदा दोष पॅनलचा नसतो. घरात कोणती वस्तू किती वाजता चालते आणि मीटर ते कसं मोजतो, यावर सगळं अवलंबून असतं.

केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. तिच्यात 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट व त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान आहे. त्यावर राज्य सरकारने 2025 मध्ये 'स्मार्ट' ही योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना 1 किलोवॅटसाठी राज्याचंही अनुदान मिळतं. म्हणजे आता मोठ्या बंगल्यापुरतं असलेलं सोलर दोन खोल्यांच्या घरावरही येऊ लागलंय. आणि यंत्रणा जेवढी लहान, तेवढं वापराचं गणित महत्त्वाचं.

शेतात दिवसा वीज हवी, घरात रात्री

1 किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी 4 युनिट, म्हणजे महिन्याला साधारण 120 युनिट वीज देतं. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात ढगामुळे बरंच कमी. यातली बहुतेक वीज सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळेत तयार होते.

अडचण इथंच आहे. शहरात दुपारी घरात कुणीतरी असतं. हट्टा परिसरातल्या शेतकरी घराला त्या वेळी कुलूप असतं. हळदीची काढणी असो की सोयाबीनची, घरदार शेतात. सगळे परत येतात तेव्हा दिवस मावळलेला असतो. मग टीव्ही, पंखे, मिक्सर, इस्त्री, टाकी भरायची मोटार सगळं एकदम सुरू होतं. रात्री पाणी द्यायला जावं लागू नये म्हणून शेतकऱ्यांनी शेतीसाठी दिवसा वीज मागितली. घरातली फुकटची दिवसाची वीज मात्र कुलूपबंद घरावरून तारेत जाते.

मीटर काय मोजतो?

सोलर बसलं की नेट मीटर लागतो. त्यावर दोन आकडे दिसतात. एक तारेतून घेतलेल्या युनिटचा, दुसरा तारेत दिलेल्या युनिटचा. महिन्याच्या शेवटी घेतलेल्यातून दिलेले वजा होतात. दिलेले जास्त असतील तर ते पुढच्या महिन्यात जमा राहतात. आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिट महावितरण विकत घेते, पण कमी दराने. त्यामुळे गरजेपेक्षा मोठं सोलर बसवून कमाई होईल, ही आशा ठेवू नये. आणि बिल शून्य युनिटचं आलं तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

युनिटला युनिट वजा होत असेल, तर मोटार दुपारी लावली काय आणि रात्री लावली काय, बिलात फरक पडत नाही. हे स्पष्ट समजून घेतलं पाहिजे. कारण 'सगळं दुपारीच चालवा, बिल निम्मं होईल' असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

मग वेळ बदलायची कशाला? कारण विजेचा हिशोब हळूहळू घड्याळाकडे चाललाय. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या वापराला प्रतियुनिट 80 पैसे ते 1 रुपया सवलत 1 जुलै 2025 पासून जाहीर झाली. दिवसा तयार झालेली सोलर वीज रात्रीच्या वापरातून वजा करू द्यायची की नाही, हा वादही 2025 च्या दरनिश्चितीच्या वेळी राज्यात गाजला. नियम पुढे कसाही झाला तरी दिवसा वीज वापरणारं घर तोट्यात जाणार नाही.

किती फरक पडतो, हिशोब करून पाहू

एका साध्या घरात दिवसाकडे ढकलता येणारी कामं अशी :

- टाकी भरायची 1 एचपी मोटार, अर्धा तास : साधारण 0.4 युनिट
- इस्त्री, अर्धा तास : 0.5 युनिट
- कपडे धुण्याचं मशीन : 0.3 युनिट
- मिक्सर, बॅटरी-मोबाईलचं चार्जिंग : 0.1 युनिट

एकूण 1.3 युनिट, महिन्याला चाळीसच्या आसपास. सोलर नसलेल्या पण स्मार्ट मीटर असलेल्या घराला यातून महिन्याला 30-40 रुपये वाचतील. सोलरच्या घराला आज काहीच फरक नाही. पण उद्या रात्रीचं युनिट रात्रीच्या दराने मोजलं गेलं, तर याच चाळीस युनिटचे 200 रुपयांच्या वर होतील.

आता रात्रीकडे पाहा. 70 वॅटचे तीन जुने पंखे रात्री 10 तास चालले की 2.1 युनिट गेले. म्हणजे 1 किलोवॅटच्या सोलरची निम्मी कमाई नुसत्या पंख्यांत. त्याजागी 30 वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर रोज 1.2 युनिट, महिन्याला 36 युनिट वाचतात. पंख्याची वेळ काही बदलता येत नाही, झोप रात्रीच लागते. म्हणून खर्च करायचाच तर तो रात्रीच्या वापरावर करावा. दिवसाची सवय फुकट बदलते.

घरात कुणी नसताना काम कसं होणार?

मोटारीला टायमर किंवा टाकी भरल्यावर बंद करणारा स्विच बसतो. गावच्या इलेक्ट्रिशियनला हे काम येतं. पण नळाचं पाणी पहाटे येत असेल तर मोटार पहाटेच लावावी लागेल. ती अडचण घराची नाही, पाणी सोडण्याच्या वेळेची आहे. ग्रामसभेत हा विषय मांडता येतो.

इस्त्री आणि मशीन आठवड्यातून एका सुट्टीच्या दिवशी दुपारी उरकता येतं. दोन्ही एकदम लावू नये. 1 किलोवॅटचं पॅनल भर दुपारीही 700-800 वॅटच्या आसपास देतं, आणि एकटी इस्त्रीच 1000 वॅटची असते. वेळ बदलण्याचा भार फक्त बायकांवर टाकून चालणार नाही, हेही तितकंच खरं. शेतातून दुपारी घरी येऊन मशीन लावायला कुणाला सांगितलं जाणार, हे सगळ्यांना माहीत आहे.

लाईट गेली की सोलरही बंद

बॅटरी नसलेलं सोलर तारेत वीज नसेल तर आपोआप बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ही सोय केलेली असते. त्यामुळे दुपारी दोन तास लाईट गेली, तर ऊन असूनही तेवढी वीज बुडाली. ज्या गावात दुपारी वारंवार लाईट जाते, तिथं सोलरवाल्यांनी लाईट गेल्याच्या वेळा वहीत लिहून महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. आता ते नुकसान मोजता येतं.

फुकट म्हणून वापर वाढला तर

सगळ्यात मोठी चूक इथं होते. सोलर आलं म्हणून पाणी तापवायचा रॉड, इंडक्शन शेगडी, दुसरा कूलर घरात येतो. 1500 वॅटचा रॉड रोज एक तास चालला की महिन्याला 45 युनिट. सोलरचे 120 युनिट सरले की पुढचं प्रत्येक युनिट विकतचं. आणि वजाबाकीनंतरचा वापर 100 युनिटच्या वर गेला, तर पुढच्या युनिटचा दर जवळजवळ दुप्पट लागतो.

पॅनलवरची धूळही विसरू नये. हळदीच्या हंगामात अंगणात, रस्त्यावर धुरळा उडतो. पॅनल पहाटे किंवा सायंकाळी साध्या पाण्याने धुवावं, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. लिंबाच्या झाडाची वाढलेली फांदी छाटून टाकावी.

बिल हातात आलं की आधी तीन गोष्टी पाहाव्यात : किती युनिट घेतले, किती दिले, किती जमा राहिले. हे आकडे तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले, तर घराचं सोलर पुरतंय की वापर वाढलाय, हे कुणाला विचारायची गरज पडणार नाही.