विजेच्या बिलातील एक ओळ

वाचकहो, दिवाळीत दिव्यांचे कौतुक करावयाचे सोडून हा मराठीचा मास्तर विजेचे बिल काय वाचीत बसला, असे आपण म्हणाल. पण शब्दांचे अर्थ लावण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याला ‘इंधन समायोजन आकार’ ही ओळ ओलांडून पुढे जाववत नाही. समायोजन म्हणजे जुळवून घेणे. कुणी जुळवून घ्यावयाचे, ते बिलात लिहिलेले नसते. घरोघरच्या गृहिणीला ते न सांगता कळते.

अर्थ तसा सरळ आहे. वीज नियामक आयोग दर ठरवितो, तो इंधनाचा काही एक भाव गृहीत धरून. पुढे कोळसा महागला की तो फरक काही महिन्यांनी या ओळीतून आपल्या दारी येतो. आमच्या खानदेशात भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज होते. अशा विजेच्या एका युनिटामागे अदमासे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. धुराचीही किंमत द्यावी लागते. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला; २०१६ साली तो ४०० झाला, म्हणजे युनिटामागे सुमारे पाव रुपया. सप्टेंबर २०२५ मध्ये तो उठला. त्याच वेळी कोळशावरील वस्तू व सेवा कर मात्र ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला.

ही ओळ घरात दोनदा शिरते. एकदा बिलातून आणि पुन्हा दळणातून. नंदुरबार हे मिरचीचे गाव. मिरची कुटणारे यंत्र विजेवर चालते, पिठाची गिरणीही विजेवरच. ज्याच्या घरी एकच दिवा जळतो, त्याचे बिल लहान असेल. पण भाकरीचे पीठ आणि तिखट त्यालाही लागतेच. महागाई तिथे दळणाचा भाव होऊन येते.

मग कोळसा नको, पाण्याचीच वीज बरी, असे कुणी म्हणेल. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे, आणि त्या विजेला कोळशाचा खर्च नाही. पण त्या पाण्यापायी आमच्याच जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली आली. त्यांचे समायोजन बिलाच्या कोणत्या ओळीत शोधावयाचे?